तिचे चेहरे मी कापले

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

या पेजवर मी बऱ्याच गोष्टी वाचल्यात. अमावस्या, रात्रीचे बारा, गावाबाहेरचा रस्ता. असतील खऱ्या, मी कुणाला खोटं म्हणत नाही. पण माझ्याबाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं.

१८ मे २०२४, शनिवार. दुपारचे सव्वादोन. गाव शिंदखेडा, जिल्हा धुळे.

आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. पंचेचाळीसच्या वर ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावून जो तो आत पडलेला असतो.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला यातून काही मिळायचं नाही. उलट हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. भीती वाटते, नाही असं नाही. पण आधी लाज, मग भीती.

माझं नाव तनवीर. वय अठ्ठावन्न. धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये मी तीस वर्षं ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. टॉकीज बंद पडली तसा गावी परत आलो. आता झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. घरात आम्ही आमची उर्दू-हिंदी मिसळलेली बोली बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितोय.

आमच्या घरात सिनेमा आजोबांपासून. ते जत्रा-जत्रांना तंबू ठोकून पिक्चर दाखवायचे. हातानं फिरवायचं मशीन होतं, ते अजून माझ्याकडे आहे. आणि एक रीळ होतं.

एकच रीळ. एका मूकपटाचं.

बोलपट यायच्या आधीचा तो सिनेमा. एका जाडजूड, गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. कादंबरी लोक अजून वाचतात. सिनेमा मात्र कुठेच उरला नाही म्हणतात. नाव मी लिहीत नाही, कारण ज्या मुलीचं त्यावर काम चालू आहे तिला मी तसा शब्द दिलाय.

गोष्ट एका अनाथ मुलीची. आईबाप तापानं गेलेले. काकाकडे राहते. घरातली चांदीची वाटी हरवते, आळ तिच्यावर येतो आणि तिला घराबाहेर काढतात. ती परत येऊन उंबऱ्यावर बसते. त्यापुढे काय होतं मला माहीत नाही. पुढची रिळं आमच्याकडे नव्हतीच.

माझे अब्बा, जब्बार त्यांचं नाव, या रिळाला जीव लावायचे. वर्षातून एकदा, जत्रेच्या वेळी, गल्लीतल्या पोरांना फुकट दाखवायचे. स्वतः पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे. आता बघा, ही पोर दारात बसलीय. आता बघा, ही वळून बघतेय. ती वळून बघायची तेव्हा सगळी गल्ली गप्प व्हायची. काय चेहरा होता तिचा... आठ-नऊ वर्षांची असेल. पण असं बघायची की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं.

तो चेहरा आज जगात कुठेच नाही.

मी कापला.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत एक खेळ होता, माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. जळालेल्या बल्बच्या आतलं काढून टाकायचं, त्यात पाणी भरायचं. खोलीचं दार लावायचं. एकानं बाहेर उन्हात आरसा धरून उभं राहायचं आणि उन्हाचा झोत दाराच्या फटीतून आत सोडायचा. मध्ये फिल्मचा तुकडा, पुढे तो बल्ब. तुकडा उलटा धरला की भिंतीवर चित्र सुलटं पडायचं.

या खेळाला फिल्मचे तुकडे लागायचे. आणि तुकडा पाहिजे तर चेहऱ्याचा. पाठ कुणाला नको, झाड कुणाला नको, बैलगाडी कुणाला नको. एका चेहऱ्याला पाच गोट्या.

रीळ अब्बांच्या लोखंडी पेटीत असायचं आणि तिची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. घरातली कैची घ्यायची, दुपारी सगळे झोपले की पेटी उघडायची. जिथे जिथे ती मुलगी वळून बघते, तिथे तिथे मी कापलं. दहा-बारा दिवस हाच उद्योग चालू होता. माझ्याकडे डबाभर गोट्या जमल्या.

आमच्या घरात तेव्हा सलीमा राहायची. माझ्या चाचांची मुलगी. चाचा-चाची एकाच वर्षात वारले, तेव्हा अब्बा तिला घेऊन आले. माझ्यापेक्षा वर्षानं लहान. अम्मी शिवणकाम करायची आणि सलीमा तिच्या हाताखाली काज-बटणं करायची. त्यामुळे कैची तिच्या डब्यात असायची.

आता पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. तरी मी सांगणार. पन्नास वर्षं ते तोंडातून निघालं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी अब्बांनी पेटी उघडली. त्यांचा आवाज ऐकला आणि माझ्याकडे उरलेले चार तुकडे मी सलीमाच्या दप्तरात टाकले. आतल्या छोट्या कप्प्यात. तिथे ती पाटीवरची पेन्सिल ठेवायची.

अब्बांना ते तिथे सापडले. इतके दुमडून घासलेले, की परत जोडता आले नाहीत.

सलीमा एकदाच म्हणाली, "मैं नहीं, बडे अब्बा."

एकदाच. नंतर मार खाल्ला, पण बोलली नाही. मी दारात उभा होतो. चड्डीच्या खिशात गोट्या होत्या. त्या वाजू नयेत म्हणून मी खिसा मुठीत दाबून धरला होता.

आठ दिवसांत तिला भुसावळला फुप्पीकडे, म्हणजे आत्याकडे, पाठवून दिलं. शाळा सुटली, चौथीत होती. फुप्पीकडे धुणीभांडी केली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, चाळिशीत नवरा गेला. फॉल-पिको करून तिनं दोन पोरं वाढवली. आणि आमच्या अख्ख्या खानदानात तिचं नाव पडलं, कैंची. लग्नकार्यात ती दिसली की कुणीतरी म्हणणारच, कैंची आली, कपडे सांभाळा. सगळे हसायचे.

मीही हसायचो.

अब्बा जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाले होते, "त्या पोरीला मी जास्तच मारलं रे." मी त्यांचे पाय चेपत होतो. चेपत राहिलो.

एवढं सांगून झालं. आता त्या दुपारचं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मला हेमांगीचा फोन आला. मूळची जळगावची, पुण्याला जुन्या सिनेमांवर अभ्यास करते. जुन्या ऑपरेटरांना शोधत शोधत माझ्यापर्यंत पोहोचली होती. रीळ आहे म्हटल्यावर फोनवरच तिचा आवाज बदलला. "काका, जगात दुसरी प्रत नाहीये," म्हणाली. "पेटीला हात लावू नका, मी येते."

अठरा मेला ती आली. हातात पांढरे मोजे घातले. पेटी उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला. फिल्म खराब व्हायला लागली की तसा वास येतो. तिनं एक दिवा लावला आणि सगळं रीळ हातानं पुढे सरकवत डोळ्यांखालून घातलं. दीड तास लागला तिला.

"मुलगी आहे सगळीकडे," ती म्हणाली. "पण चेहरा एकदाही नाही. वळायला लागते आणि तिथेच कापलंय. प्रत्येक ठिकाणी. परत चिकटवलंय कुणी?"

"अब्बांनी," मी म्हणालो. ते खरं होतं.

मशीनवर चालवायला ती तयार नव्हती. फिल्म आकसलीय, तुटेल, म्हणत होती. पण मला कुठली मस्ती आली कोण जाणे. तीस वर्षांचा ऑपरेटर आहे मी, म्हटलं, हातानं फिरवेन, बाळाला झोका द्यावा तसं. बल्बसुद्धा साधा एलईडीचा लावतो, गरम व्हायचा नाही. शेवटी ती तयार झाली. एकदाच, म्हणाली.

खिडकीला गोधडी लावली. भिंतीवर चादर. दार आतून लावून घेतलं. बायको माहेरी गेली होती, घरात आम्ही दोघंच.

मी दांडा फिरवायला सुरुवात केली.

टर्र... टर्र... टर्र...

घर दिसलं. ओसरी. काकाचं खटलं. दारात ती मुलगी, पाठमोरी. परकर-पोलकं, खांद्यावर वेणी. वळायला लागली...

टक्.

परत पाठमोरी. अब्बांनी चिकटवलेला जोड मशीनमधून गेला की तसा आवाज व्हायचा. एक टक् म्हणजे मी विकलेला एक चेहरा.

टर्र... टर्र... टक्.

टर्र... टक्.

मला घाम फुटला होता. उन्हाचा नव्हे.

हेमांगी वही घेऊन बसली होती. फोनवर रेकॉर्डिंग चालू. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "काका, हे कापलं कुणी? माहितीये का तुम्हाला?"

बघा, किती सोपं होतं. समोर परकी मुलगी. अब्बा नाहीत, अम्मी नाही. दहा वर्षांच्या पोरानं खेळासाठी कापलं, एवढंच म्हणायचं होतं. तीही हसली असती.

मी म्हणालो, "माझी एक चुलत बहीण होती. अनाथ. समज नव्हती तिला."

पडद्यावर तेव्हा रस्ता होता. मुलीला घराबाहेर काढलंय आणि ती गाठोडं घेऊन चाललीय. बाजूनं एक बैलगाडी जाते. हा भाग मी लहानपणी शंभर वेळा पाहिलाय. ती थांबत नाही. रस्ता संपेपर्यंत चालत राहते.

ती थांबली...

बैलगाडी चालत होती. धूळ उडत होती. मागचं झाड हलत होतं. ती तेवढी जागच्या जागी उभी. पाठमोरी. मान किंचित तिरपी, आपण मागचं बोलणं ऐकतो तशी.

मला वाटलं, फिल्म अडकली. पण अडकली असती तर बैलगाडीही थांबली असती.

हेमांगी वहीत लिहीत होती. मान खालीच ठेवून तिनं विचारलं, "नाव काय त्यांचं? नोंद करून ठेवते."

अजूनही वेळ गेली नव्हती, खरं सांगतो.

"सलीमा," मी म्हणालो.

आणि माझा हात थांबला. मी थांबवला नाही, आपोआप थांबला. दांडा स्थिर, मशीन स्थिर. टर्र आवाज बंद. खोलीत एकदम शांत...

पडद्यावर ती चालायला लागली.

बैलगाडी आता थांबलेली, धूळ हवेत थांबलेली. तिच्याशिवाय काहीच हलत नव्हतं. ती सरळ रस्त्यानं चालत गेली, लहान लहान होत गेली. मग दिसेनाशी झाली.

त्याच वेळी आमच्या दाराची कडी वाजली...

आतली कडी. काढल्यावर वाजते तशी.

"कोण आलं?" हेमांगीनं मान वर केली.

दार बंदच होतं. कडी मात्र लोंबत होती. ती मी स्वतः लावली होती.

हात आपोआप दांड्यावर गेला आणि फिरवायला लागलो. दुसरं काय करावं सुचलं नाही. रस्ता संपला. पुन्हा काकाचं घर आलं. इथे मुलगी परत येते, उंबऱ्यावर बसते आणि काकू तिला बोलते.

उंबरा रिकामा होता.

काकू हात नाचवून बोलत होती. शेजारपाजारचे जमले होते, बोटं दाखवत होते. सगळे त्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं.

जोड आले. टक्, टक्. पण तिथे आता पाठसुद्धा नव्हती.

"काका, थांबा." हेमांगी उभी राहिली. "मुलगी कुठंय? आत्ता मी हातावर पाहिली ना ही सगळी फ्रेम न फ्रेम."

तिनं रीळ काढलं, दिव्यासमोर धरलं. कितीतरी वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघितलं.

मी दार उघडून बाहेर आलो. ऊन अंगावर कोसळलं. समोरच्या ओट्यावर, लिंबाखाली, लोटन नाना बसले होते. ऐंशी वर्षांचे आहेत, झोप येत नाही त्यांना. दुपारभर तिथेच असतात.

"तनवीर, ती पोर कोननी शे रे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"कोणती पोर, नाना?"

"आत्ते तुन्हा घरमाईन निंघनी ती. पायमा चप्पल नही. बठ्ठं गाव जपेल शे, अन इतला ऊनमा कोठे धाडी तिले?"

सगळं गाव झोपलेलं, आणि माझ्या घरातून एक अनवाणी पोर उन्हात बाहेर पडली होती. "तोंड पाहिलं का तिचं?"

"नही रे भो, तोंड काही दखायनं नही. टेशनना रस्ताले लागनी ती."

मी घड्याळ बघितलं. तीनला वीस कमी होते.

हेमांगी संध्याकाळच्या गाडीनं रीळ घेऊन गेली. जाताना नीट बोललीही नाही माझ्याशी. मी त्या रात्री एकटाच होतो, पण रात्री काही झालं नाही. एक आवाज नाही. मी नुसता जागा होतो आणि मला सारखं एकच आठवत होतं. अनाथ, समज नव्हती तिला. किती सहज निघालं ते माझ्या तोंडातून.

पहाटे मी ठरवलं. भुसावळला जायचं आणि सलीमाला सांगायचं. सगळं. तिच्या तोंडावर.

हे मी माझ्या मनानं ठरवलं होतं. कृपा करून लक्षात ठेवा. तुम्ही तरी ठेवा.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. नेमकी त्याच दिवशी सलीमाच्या धाकट्या मुलाची मंगनी होती. आमंत्रण होतं, पण मी जाणार नव्हतो. घरात ही गर्दी. अंगणात मांडव, खुर्च्या, आमच्या खानदानातली निम्मी माणसं. मी कुणाशी न बोलता सरळ आतल्या खोलीत गेलो. सलीमा शिलाई मशीनसमोर बसून नव्या दुपट्ट्याला गोट लावत होती. मला बघून तिनं पाय थांबवला.

"ये भाई. बस," म्हणाली. "तू येशील असं वाटलं नव्हतं."

मी पलंगावर टेकलो. "सलीमा, तुला एक सांगायचंय."

"ती सांगून गेली काल."

"कोण?"

"तू पाठवलेली पोर."

"मी कुणाला पाठवलं नाही," मी म्हणालो.

सलीमानं माझ्याकडे नीट बघितलं. मग दुपट्टा बाजूला ठेवला. "काल तीनच्या आत-बाहेर. सगळे बाजारात गेलेले, मी एकटी. बघते तर उंबऱ्यावर एक पोर बसलेली. माझ्याकडे पाठ करून. जुन्या काळातलं परकर-पोलकं. म्हटलं, उन्हाची कुठून आलीस, आत ये. आली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. मग सांगायला लागली."

"काय सांगितलं?"

"बल्बचं सांगितलं. आरशाचं. गोट्यांचं. तुकडे माझ्या दप्तरात टाकलेस ते. पेन्सिलीच्या कप्प्यात, हेही." तिचा आवाज शांत होता. "मी मार खात होते तेव्हा तू खिसा दाबून उभा होतास, तेही सांगितलं."

ते कुणालाच माहीत नव्हतं. अम्मीला नाही, बायकोला नाही. अल्लाहशिवाय कुणाला नाही.

"आवाज कसा होता तिचा?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

सलीमा विचारात पडली. "आवाज..." ती म्हणाली. "आता तू विचारतोस तर, आवाज नव्हताच रे. पण मला सगळं कळत होतं." मग म्हणाली, "मी म्हटलं, बाई, एवढं सांगतेस, तोंड तरी दाखव. तर म्हणाली, ते तनवीरकडे आहे."

बाहेर मांडवात कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं होतं. पोरं हसत होती.

मी तिच्या पायाशी बसलो. "सलीमा, मी आज हेच सांगायला आलो होतो. माझ्या मनानं आलो होतो. शपथ घेतो."

"असेल," ती म्हणाली.

"ती आली म्हणून नाही. मला माहीतच नव्हतं ती आलीय."

"असेल, भाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. पन्नास वर्षांत तिनं मला एकदाही तोंड वर करून विचारलं नव्हतं. मला त्या वेळी जी लाज वाटली ती शब्दांत येत नाही. ती मला खोटारडा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"तू माझी माफी मागायला नको," सलीमा म्हणाली. "ती झाली कधीच. पण बाहेर सगळे बसलेत. माझी सूनबाई आहे, व्याही आलेत. परवा नातवानं विचारलं, दादी, तुला कैंची का म्हणतात, तू चोरी केली होतीस का? त्यांना सांग. मी नऊ वर्षांची होते, मी काही केलं नव्हतं, एवढंच सांग. बाकी काही नको."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि मी बाहेर गेलो. खरंच सांगायच्या तयारीनं गेलो.

मांडवात भेटवस्तूंची खोकी उघडणं चाललं होतं. त्यांच्या रिबिनी कापायला कुणीतरी कैची मागितली. सलीमा माझ्यामागून दारात आली होती. तिच्या हातात तिची शिवणाची कैची होती. ती तिनं पुढे केली.

आमचा एक चुलत भाऊ ओरडला, "अरे, आपाच्या हातातून कैंची काढा आधी, पूरी फिल्म कापून टाकेल."

सगळा मांडव हसला. व्याहीसुद्धा हसले, त्यांना कारण माहीत नसताना. तिचा नातू हसला नाही. तो मान खाली घालून रिबिनीकडे बघत बसला.

सलीमानं माझ्याकडे बघितलं.

मी उभा होतो, तोंड उघडलं होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी थोरला, काहीतरी बोलेन असं वाटलं त्यांना.

मी हसलो.

खोटं नाही सांगत. मी हसलो. मग खुर्चीवर बसलो, शीरखुर्मा खाल्ला आणि चारच्या गाडीनं परत आलो. निघताना सलीमा दिसली नाही. मी शोधलंही नाही.

यानंतरचं थोडंच आहे.

आठ दिवसांनी हेमांगीचा मेसेज आला. रीळ तिकडच्या लॅबमध्ये तपासलं. मुलगी एकाही चित्रात नाही. पुढे लिहिलं होतं, "काका, तुम्ही मला दुसरंच रीळ तर दिलं नाहीत ना? खरं ते सांगा, प्लीज." मी लिहिलं, तेच रीळ आहे. त्यावर तिचं उत्तर आलं नाही. या सगळ्या प्रकरणात मी जे एक खरं बोललो, ते तिला पटलं नाही.

मग जूनमध्ये माझा धाकटा भाऊ आतिफ, धुळ्याला असतो, त्याचा फोन आला. दुपारची वेळ. अडीच-पावणेतीन.

"भाई," तो म्हणाला, "आमच्या दारात एक पोर येऊन बसलीय. आमच्याकडे पाठ करून. परकर-पोलकं घातलंय. तुझं नाव घेते. म्हणते, एक गोष्ट सांगायचीय, घरातल्या सगळ्यांना बोलवा. कोण आहे ही? ओळखतोस का तू?"

त्याच्या मागे त्याच्या सुनेचा आवाज येत होता. आणि कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

मी सांगू शकलो असतो. तिच्या आधी मी सांगू शकलो असतो. एवढा एकच मोका होता, नाव माझं आणि तोंडही माझं.

"नाही रे," मी म्हणालो. "मी नाही ओळखत."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर आतिफचा फोन आलेला नाही. मी केला तर उचलत नाही. भुसावळचेही उचलत नाहीत. परवा जळगावच्या मामेभावाचा नंबरही लागेना.

माझ्या घरी मात्र ती अजून आलेली नाही. मी रोज दुपारी दुकान बंद करून दाराकडे तोंड करून बसतो.

हे इथे का लिहिलं, असं कुणी विचारेल. आमच्यातलं हे पेज कुणी वाचत नाही, म्हणून लिहिलं.